चुकांतून शिकणारे यंत्र



लहान मुलास ‘अ’ हे अक्षर शिकविताना त्याची व्याख्या कोणी सांगत नाही. अक्षर दाखवावयाचे आणि मूल चुकले की सुधारावयाचे, एवढीच ती रीत. पुढे अक्षर जाड असो वा तिरपे, मूल ते ओळखते. ही रीत यंत्रास लागू पडेल काय, या प्रश्नाचा शोध अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक रोझेनब्लाट यांनी बफेलो येथील कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेत घेतला. १९५७ साली त्यांनी ‘पर्सेप्ट्रॉन’ची कल्पना मांडली.

जुलै १९५८ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. खूण केलेली कार्डे आयबीएम ७०४ या संगणकापुढे ठेवण्यात आली. पन्नास प्रयत्नांनंतर खूण डावीकडे आहे की उजवीकडे, हे तो ओळखू लागला. पुढे ‘मार्क १’ हे स्वतंत्र यंत्र तयार झाले व १९६० साली ते लोकांपुढे आले. त्याच्या डोळ्याच्या जागी ४०० प्रकाशविद्युत घट होते. त्यांचे संकेत मधल्या घटकांमार्फत पुढे जात. तेथे प्रत्येकास कमीअधिक ‘भार’ देऊन बेरीज होई व तीवरून उत्तर ठरे. उत्तर बरोबर आल्यास भार तसेच राहत. चुकल्यास लहान विद्युत मोटारी ते बदलीत. यंत्राचे सारे शिक्षण या भारांतच साठलेले असे.

सिद्ध झाले होते ते एवढेच. वृत्तपत्रांतून मात्र हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, इतकेच नव्हे तर त्यास स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही होईल, अशी भाकिते प्रसिद्ध झाली.

१९६९ साली मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पेपर्ट यांनी साध्या पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या. त्यांचे मर्म एका सोप्या उदाहरणाने कळते. दोन दिव्यांपैकी नेमका एकच लागला असेल, तरच यंत्राने ‘होय’ म्हणावयाचे आहे. एकटा कोणताही दिवा ‘होय’ म्हणावयास पुरेसा ठरावा, तर दोन्ही मिळून बेरीज अधिकच वाढते; उत्तर मात्र ‘नाही’ हवे असते. दिव्यांच्या संकेतांची थेट बेरीज करणाऱ्या एकथरी यंत्रास हे कधीही साधत नाही.

यानंतर या संशोधनाचा ओघ आटला. रोझेनब्लाट १९७१ साली नौकेच्या अपघातात निवर्तले. वस्तुतः मध्ये आणखी एक शिकणारा थर घातला की दिव्यांचा प्रश्न सुटतो. अडचण होती ती अंतिम चुकीचा वाटा मधल्या थरांतील भारांवर कसा विभागावा, ही. डेव्हिड रूमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स यांच्या १९८६ सालच्या निबंधाने त्याची रीत सर्वपरिचित केली. याच परंपरेतील कार्याबद्दल जॉन हॉपफील्ड व हिंटन यांना २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संशोधनास साहाय्य देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. प्रात्यक्षिकाने जेवढे सिद्ध होते, तेवढेच मान्य करावे. आणि एका रचनेची मर्यादा दिसली म्हणून मूळ कल्पनाच निकालात काढू नये. १९५८ साली पहिल्या गोष्टीचा विसर पडला, तर १९६९ नंतर दुसरीचा.