माड हे झाड आहे का?

माड हे झाड आहे का, असं कोकणात कुणाला विचारलंत तर तो तुम्हालाच खुळ्यात काढील. पण गोव्याच्या विधानसभेत 2016 च्या जानेवारीत याच प्रश्नावर वाद रंगला आणि उत्तर आलं, नाही.

झालं असं. गोव्याचा वृक्षसंरक्षण कायदा 1984 चा. त्यातल्या व्याख्येप्रमाणे वृक्षाला लाकडी खोड हवं आणि त्या खोडातून फांद्या फुटलेल्या हव्यात. आता माडाला फांद्या कुठून आणायच्या? म्हणून 2008 मध्ये कायद्यात माडाचं नाव वेगळं घालून घेतलं. 2016 मध्ये ते पुन्हा काढलं. म्हाताऱ्या, न धरणाऱ्या माडासाठी शेतकऱ्यानं परवानगीचे हेलपाटे का घालावेत, हे सरकारचं म्हणणं. विरोधक म्हणाले, ही तर बागायती आडव्या करायला मोकळीक! मग ‘माड म्हणजे गवत’ अशी हाकाटी झाली.

वनस्पतिशास्त्राला विचारावं तर तिथे वृक्ष नावाचं कूळच नाही. वृक्ष ही वाढण्याची एक तऱ्हा. माड ताडाच्या कुळातला, गवताचं कूळ निराळं. दोघं एकदल, एवढंच दूरचं नातं. मात्र साग-आंब्याशीही माडाचं जुळत नाही. त्याचं खोड वर्षागणिक थरावर थर चढवत जाड होत नाही. आडवं कापलेलं खोड पाहा: वलयं नाहीत, नुसते गर्द ठिपके, कडेला दाट, मध्ये विरळ. आंब्याला कोयता लागला तर जखमेवर हळूहळू साल चढते. माडावर चढण्यासाठी नारळ काढणारा पाडेली ज्या खाचा पाडतो, त्या जन्मभर तशाच राहतात. आणि शेंड्याचा कोंब एकच. तो गेंड्या भुंग्यानं पोखरून मारला की माड संपला. बाजूनं दुसरा फुटवा येत नाही.

कायद्याला या कशाशीच देणंघेणं नसतं, आणि नसावंही. त्याला हद्द आखायची असते. माडाच्या पोयीतून गळणारा रस ताजा असेतो नीरा आणि आंबला की माडी. मुंबई प्रांताच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानं ही रेघ ओढली, तेव्हा झाडाचं कूळ कुणी काढलं नाही. म्हणून मला 2008 चीच रीत पटते. जे राखायचं त्याचं नाव सरळ लिहावं, फांद्या मोजत बसू नये. 2017 मध्ये नव्या सरकारनं माडाला कायद्यात परत घेतलं, वर राज्यवृक्षाचा मानही दिला. वर्षभरापूर्वी जो वृक्षच नव्हता तो!

आपल्याकडे महाराष्ट्रात काय? 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, फणस आहे, चिंच, जांभूळ आहे, माड नाही. शहरांना मात्र 1975 चा वेगळा कायदा लागू आहे, आणि मुंबईत सोसायटीच्या आवारातला माड तोडायचा तरी महापालिकेची परवानगी लागते. तेव्हा कोयता हाती घेण्याआधी आपल्या गावाला कोणता कायदा लागू आहे ते पाहा आणि त्यातलं व्याख्येचं कलम तेवढं वाचून घ्या.