घरात दुसरे मांजर आणताना



मागच्या वेळी आपण धान्य साठवण्याविषयी बोललो. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारले, "गुरुजी, उंदरांचे काय?" उंदीर म्हटले की मांजर आलेच. म्हणून आज मांजराविषयी बोलू.

माणसाचा आणि मांजराचा संबंध जुळला तो धान्यामुळेच. माणूस शेती करू लागला. धान्य साठले, उंदीर आले. उंदरांच्या मागे मांजर आले. सायप्रस नावाच्या बेटावर एक फार जुनी कबर सापडली आहे. ती सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची आहे. तिच्यात माणसाच्या जवळच एक मांजर पुरलेले आहे. ही गोष्ट २००४ साली जगाला कळली. म्हणजे ही ओळख काही कालपरवाची नाही.

एवढ्या वर्षांत मांजर माणसाला सरावले. पण परक्या मांजराला ते चटकन सरावत नाही. कुत्र्याच्या पूर्वजांनी कळपाने शिकार केली. मांजर एकटे शिकार करते. एका उंदरात वाटणी ती काय करायची? म्हणून मांजराला स्वतःची हद्द लागते. आई, लेकी, बहिणी एका घरात सुखाने नांदतात. एकमेकींची पिल्लेही पाजतात. परके मांजर दिसले की मात्र केस फुगतात.

ही हद्द मांजर वासाने ओळखते. मांजर दाराच्या चौकटीला गाल घासते, हे तुम्ही पाहिले असेल. तुमच्या पायालाही घासते. आपल्याला वाटते, लाडात आले आहे. लाड असतोच, पण त्याच्या गालाचा वासही तिथे लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही. त्याला कळतो. "हे घर माझे" असे ते जणू लिहून ठेवते. आपण सातबाऱ्यावर नाव लावतो ना, तसेच समजा.

आता आमच्या आळीतली एक हकीकत सांगतो. नाव सांगत नाही.

त्या घरी दोन मांजरी होत्या, मायलेकी. आई म्हातारी झाली होती. लेक आळशी. ज्वारीच्या पोत्यांना भोके पडू लागली. धाकटी सून माहेरी गेली होती. येताना तिने तिथली एक मांजरी आणली. उंदीर मारण्यात पटाईत. सुनेचे माहेर कोरडवाहू, गरिबीचे. लेकीला देण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. ही मांजरी त्यांनी मनापासून दिली होती.

सासूबाईंनी पिशवीचे तोंड माजघरातच सोडले. पुढे काय झाले ते तुम्हीच ओळखा. म्हातारी मांजरी कौलांवर जाऊन बसली. तिची लेक दोन रात्री घरी आली नाही. नवी मांजरी उतरंडीच्या मागे शिरली. अन्नाला तोंड लावीना. सासूबाई म्हणाल्या, "उद्या हिला ओढ्यापलीकडे सोडून या." सून काही बोलली नाही. तिने डोळ्यांना पदर लावला.

आम्ही त्या वेळी ओसरीवर होतो. आम्ही म्हणालो, "वहिनी, पंधरा दिवस द्या." त्या म्हणाल्या, "गुरुजी, मांजराला शाळेत घालता की काय?" आम्ही म्हणालो, "मांजराला नाही, तुम्हाला घालतो." त्या हसल्या. तेवढ्याने काम झाले.

नव्या मांजरीला पहिल्यांदा कोठीच्या खोलीत ठेवले. दार बंद. आत पाण्याचे भांडे, बसायला जुने गोणपाट, आणि एका घमेल्यात गार राख व माती. मांजर घाण पुरून टाकते. त्याला तशी जागा दिली की ते खोली घाण करीत नाही. जेवणाचे भांडे मात्र घमेल्यापासून लांब हवे. लपायला एक आडवी टोपली ठेवली. भ्यालेल्या मांजराला लपू द्यावे. ओढून बाहेर काढू नये. ओढले तर ते बोचकारणार, आणि दोष आपलाच.

दोन दिवसांनी ती खाऊ लागली. मग सुनेने एक फडके नव्या मांजरीच्या गालांवरून फिरवले. ते जुन्या मांजरींच्या बसायच्या जागी ठेवले. त्यांच्या अंगावरून फिरवलेले फडके कोठीत ठेवले. जुन्या मांजरी फडक्यावर फिस्कारल्या. सासूबाईंना मोठी गंमत वाटली. "चिंधीवर राग!" पण तो राग चिंधीवर निघाला, एकमेकींच्या अंगावर निघाला नाही. रोज हे केले. चौथ्या दिवशी म्हातारी मांजरी त्याच फडक्यावर झोपली. हे जमल्याशिवाय पुढे जायचे नाही, बरं का.

मग जेवण. बंद दाराच्या एका बाजूला नवीचे भांडे, दुसऱ्या बाजूला जुन्यांची. आधी दारापासून लांब. रोज वीतभर जवळ. परकीचा वास आला की आपल्याला खायला मिळते, असे मांजराच्या मनात बसते. सुक्या बोंबलाचा तुकडा असला तर लवकर बसते.

नंतर दाराऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावली. आता एकमेकी दिसू लागल्या. पहिल्या दिवशी फिसफिस झाली. पुन्हा दार लावले. दुसऱ्या दिवशी परत. घाई केली नाही. शेवटी जाळी काढली, तेव्हा घरात माणसे होती. तिघींना लांब लांब खायला दिले आणि थोड्या वेळाने नवीला परत कोठीत नेले. असा वेळ वाढवत नेला.

फिस्कारणे म्हणजे भांडण नव्हे. "लांब राहा" एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी कोणालाही मारू नये. मारले तर ते मांजर धरते की परकी आली म्हणून मार बसला. शेपटी उभी ठेवून मांजर जवळ आले तर ते मैत्रीने आले. कान मागे दाबले, टक लावून पाहिले, घशातून आवाज काढला, तर मधे पाट किंवा सूप धरावे. हात घालू नये.

त्या घरी पंधराचे बावीस दिवस लागले. लेक आणि नवी आता एका चुलीपाशी बसतात. म्हातारी तिला चालवून घेते, एवढेच. सगळीकडे गळ्यात गळे पडतील असे नाही. एकमेकींना टाळून राहिल्या तरी पुष्कळ झाले. त्यासाठी भांडी वेगळी, राखेची घमेली वेगळी, आणि बसायला उंच जागा दोन-तीन हव्यात. सासूबाईंनी पुढच्या खेपेला सुनेच्या माहेरी ज्वारीची पायली पाठवली, हेही सांगून टाकतो.

पिल्लू आणणार असाल तर ते निदान दोन महिन्यांचे होऊ द्या. पिल्लाला जुनी मांजरे लवकर सामावून घेतात. दूध मात्र बेताने. पुष्कळ मोठ्या मांजरांना गाईचे दूध पचत नाही, हगवण लागते. पाणी रोज ताजे ठेवा. घरात मांजर असेल तर उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरू शकते.

दोन बोके एका घरात असले तर कटकट जास्त. त्यांची नसबंदी करून घ्यावी. मांजरीचीही करावी. ती वर्षाच्या आतच व्यायला लागते आणि सुमारे नऊ आठवड्यांत पिल्ले देते. मग ती पिल्ले पोत्यात घालून वेशीबाहेर सोडायची, हे आम्हाला पटत नाही.

आता महत्त्वाचे. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, तेल काही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होतो. एकदा रोग उठला की माणूस बहुधा वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर रोग टळतो. पोटात चौदा इंजेक्शने देण्याचे दिवस गेले. आता दंडात देतात. दवाखान्याने दिलेली एकही तारीख चुकवू नका.

तीन महिन्यांपुढच्या मांजरालाही ही लस टोचून घ्यावी. नवे मांजर आणले की ते कोठीत असतानाच, जुन्यांशी गाठ पडण्याआधी, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. नेताना झाकणाची टोपली घ्या, आणि वरून ते नेहमीचे फडके टाका.