सोन्यावर कोरलेले जहाज

पोर्तुगालचा राजा दों जुआंव तिसरा याच्या टाकसाळीतून १५५५ साली एक नवे सोन्याचे नाणे बाहेर पडले. किंमत हजार रियाल. एका बाजूला राजचिन्हाची ढाल, दुसऱ्या बाजूला उभा संत. त्याच्या एका हातात खजुरीची झावळी आहे, ती हुतात्म्याची खूण. दुसऱ्या हातात मात्र चक्क एक जहाज आहे! नाण्याला नावही संताचेच मिळाले: सांव विसेंत.

हा विसेंत काही दर्यावर्दी नव्हता. स्पेनमधल्या सारागोसा शहरातला तो ख्रिस्ती धर्मसेवक. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, इसवी सन ३०४च्या सुमारास, व्हॅलेन्सियात त्याचा अंत झाला. प्रेत उघड्यावर टाकले तेव्हा कावळ्यांनी त्याची राखण केली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याच्या म्हणून पूजल्या जाणाऱ्या अस्थी पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकावर होत्या. त्या भूशिराला आजही त्याचेच नाव आहे. तो मुलूख मुसलमानी अमलाखाली असतानाही ही जागा नांदती होती; बाराव्या शतकातला अरब भूगोलकार अल-इद्रिसी तिथल्या ‘कावळ्यांच्या चर्च’चा उल्लेख करतो.

अफोंसो हेन्रीक या पोर्तुगालच्या पहिल्या राजाने ११४७ साली लिस्बन जिंकले. जिंकलेल्या शहराला रक्षणकर्ता संत हवा होता. ११७३ साली त्या अस्थी जहाजातून लिस्बनला आणल्या गेल्या. दोन कावळे वाटभर सोबत होते, एक नाळेवर आणि एक वरामावर, असे लोक सांगत आले. लिस्बनच्या नगरचिन्हात ते जहाज आणि ते दोन कावळे आजही आहेत.

म्हणजे नाण्यावरचे जहाज संताच्या आयुष्यातले नाही, त्याच्या अस्थींच्या प्रवासातले आहे. चर्चमधल्या पेटीपर्यंत ज्याचा हात कधी पोहोचणार नाही, अशा सराफाच्या आणि व्यापाऱ्याच्या मुठीत राजाने तो प्रवास ठेवला. सोन्याचा कस राजाने सांगायचा आणि त्याला साक्ष संताची, अशी ही रचना. नाण्याच्या कडेने लॅटिनमध्ये ‘मरेपर्यंत श्रद्धेचा कैवारी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ते वाचताना १५३६ साल विसरता येत नाही. याच राजाच्या आग्रहावरून त्या वर्षी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, सुरू झाले होते.

गोव्यात हाच प्रयोग काही वर्षे आधीच झाला होता. १५२३ साली पोर्तुगिजांनी मद्रासजवळच्या मैलापुरात संत थॉमसची समजली जाणारी कबर उकरली आणि हाडे मिळाल्याचे जाहीर केले. पुढे गव्हर्नर गार्सिया द सा याच्या कारकिर्दीत, १५४८-४९ च्या सुमारास, गोव्याच्या टाकसाळीत थॉमसची आकृती असलेले सोन्याचे ‘सांव तोमे’ पडले. त्यावरच्या लॅटिन लेखाचा अर्थ ‘हिंदुस्थान तुला शरण आला’ असा. इथे संत केवळ सोन्याला साक्षी नाही, तो जमिनीवरच्या हक्काचा पुरावा झाला आहे. मैलापूरच्या हाडांना लिस्बनच्या दरबारात एवढे मोल का होते, ते या लेखातच उघड दिसते.

याच गोव्यात दहा-बारा वर्षांनी दुसरा अवशेष आला. व्हाइसरॉय कोंस्तांतीनु द ब्रागांसा याने १५६० साली श्रीलंकेतल्या जाफन्यावर स्वारी केली. लुटीत बुद्धाचा म्हणून सांगितला जाणारा दात होता. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या बौद्ध राजाने त्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली. खजिन्याला पैशांची निकड होती आणि अनेक सरदार सौदा करायला तयार होते. धर्मगुरूंनी विरोध केला. अखेर आर्चबिशपने तो दात खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली, असे बखरकार दियोगु दु कोतु लिहितो. सिंहली परंपरा मात्र खरा दात सुरक्षित राहिला असे मानते. कँडीच्या मंदिरात आजही त्याचीच पूजा होते.

एका अस्थीसाठी सोने पाडणारी आणि दुसरीसाठी आलेले सोने नाकारणारी सत्ता एकच होती. दोन्हींचा अभ्यास एकाच माणसाने केला, हे आपले भाग्य. बार्देशातल्या हडफडे गावी १८४४ साली जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरी करणारे जुझे जेर्सन द कुन्या यांनी १८७५ साली त्या दाताचा इतिहास लिहिला आणि १८८०पासून इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचे निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांनी बौद्धांच्या अवशेषाला तितक्याच आदराने अभ्यासाचा विषय केले. नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.