अग्रक्रम कोणाचा? : रस्ते, लोहमार्ग आणि आपला प्रदेश



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांस भूगोल शिकवीत. कोऱ्या नकाशावर लोहमार्ग काढावयास सांगत आणि मग विचारीत, “आता रेघ कोठे नाही, ते दाखवा.” मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने दळणवळणाच्या योजनांवर बोलावे, हा अधिकारातिक्रम खराच, पण गुरुजींचा तो प्रश्न माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

आपल्या इंदुरास आगगाडी आली ती दरबारच्या पैशामुळे. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी 1870 साली खांडवा-इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने दिले. मार्ग झाला, पण मीटरगेज. खांडव्यास उतरून ब्रॉडगेज गाडी धरण्याचे आमच्या पिढ्यांच्या नशिबी आले ते तेव्हापासून.

माझी थोरली बहीण धुळ्यास दिली होती. 1978 साली ती अत्यवस्थ असल्याची तार आली. आगगाडीने जावे तर खांडव्यास गाडी बदला, भुसावळवरून चाळीसगाव गाठा आणि तेथून पुन्हा धुळ्याची शाखा. म्हणून आग्रा-मुंबई रस्त्याने रात्रीची बस धरली. बिजासन घाटात मालमोटार आडवी झाली होती. सात तास तेथेच गेले. पोहोचलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती.

त्या रात्री कोणी वाहतुकीची गणना केली असती, तर मी रस्त्याचा प्रवासी म्हणून नोंदला गेलो असतो. माझे म्हणणे एवढ्यातच आहे. लोहमार्गाचा अग्रक्रम ठरवताना अपेक्षित वाहतूक आणि खर्चावरचा परतावा पाहतात. जेथे गाडीच नाही, तेथल्या माणसाची गरज दुसऱ्याच्या खात्यावर तरी जमा होते, नाही तर तो घरीच बसतो आणि कोठेच मोजला जात नाही. सबंध बडवाणी जिल्हा असाच रुळांवाचून राहिला.

रस्त्यांच्या बाबतीत आपण निराळा न्याय लावून पाहिला आहे. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मोटारींची संख्या न पाहता, बारमाही रस्ता नसलेल्या वस्तीची लोकसंख्या पाहिली गेली : सपाटीवर पाचशे, डोंगरी व आदिवासी भागांत अडीचशे. आधी मोठ्या वस्त्या, मग लहान. भांडायलाही सोपा असा हा निकष होता. गावकऱ्याला आपला क्रमांक समजत होता.

परतावा पाहूच नये, असे मी म्हणत नाही. पैसा मर्यादित असतो, आणि गजबजलेल्या मार्गाचे दुहेरीकरण रखडले तर त्यावरच्या साऱ्यांचाच खोळंबा होतो. मात्र ‘किती जण जातात’ या रकान्याशेजारी ‘किती जणांना दुसरी वाट नाही’ हा रकाना असावा, आणि यादी करणाऱ्याने दोन्ही भरून ती लोकांपुढे ठेवावी.

2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने इंदूर-मनमाड मार्गास मंजुरी दिली : 309 किलोमीटर, तीस नवी स्थानके, 18,036 कोटी रुपये. आनंद झालाच. पण मंजुरी मिळाली तरी कोणता तुकडा आधी, हा प्रश्न उरतोच. धुळे-नरडाणा हा भाग त्यापूर्वीच हाती घेतलेला होता; इंदूर-महू टोकाला रूळ आहेतच. दोन्ही टोके आपली वकिली करू शकतात. मधल्या सेंधव्याकडे बोलायला माणसे थोडी, आणि डोंगरही तेथेच. पैसा हप्त्याहप्त्याने येणार असेल तर पहिला हप्ता त्या मधल्या डोंगराकडे जावा, असे मी इंदूरकर असूनही म्हणेन.