पटकीचे सोयीस्कर नाव

(श्रीरामपूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



गावात उलट्या-जुलाबांनी माणसे अंथरुणाला खिळली की 'गॅस्ट्रोची साथ' अशी बातमी छापून येते. हा शब्द राज्यकर्त्यांना मोठा सोयीचा आहे. त्यात जंतूचे नाव नसते, म्हणून पाण्याचा दोष निघत नाही. आणि दोष निघाला नाही की कोणी जबाबदारही ठरत नाही. जुनी माणसे जिला पटकी म्हणत, तो कॉलरा पुष्कळदा या शब्दाआड दडून राहतो.

कॉलरा केवळ लक्षणांवरून निश्चित होत नाही. रुग्णाच्या शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविक औषध सुरू होण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि तो नीट जपून प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. गरीब माणूस जवळच्या खासगी दवाखान्यात जातो, सलाईन घेतो आणि घरी परततो. जीव वाचतो, हे चांगलेच. परंतु नमुना घेतला गेला नाही, तर नोंद होत नाही आणि शेजारी तेच पाणी पीत राहतो.

२०२३ साली जगातील देशांनी मिळून सुमारे ५ लाख ३५ हजार रुग्ण कळविले. तज्ज्ञांच्या २०१५ सालच्या अंदाजानुसार मात्र दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना कॉलरा होतो. या दोन आकड्यांमधील दरीत दरिद्री माणसेच आहेत.

ही दरी केवळ अज्ञानाची नाही, भीतीचीही आहे. १९९१ साली पेरू देशाने कॉलरा जाहीर केला, तेव्हा त्याच्या मासळीवर परदेशांनी निर्बंध घातले. सत्य सांगणाऱ्यालाच दंड झाला! गावपातळीवर तीच भीती बदनामीच्या रूपाने उभी राहते. महाराष्ट्रात पाण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड हा कलंक मानला, तर ते लपविण्याकडेच कल होणार. ती मदतीची हाक मानली, तरच विहिरीत वेळेवर औषध पडेल.

श्रीरामपूर तालुका प्रवरेच्या कालव्यावर आणि उसावर उभा राहिला. हंगामात पाथर्डी, बीडकडून ऊसतोड मजूर येतात, फडाजवळ कोप्या घालतात आणि मिळेल ते पाणी पितात. गावाच्या यादीत त्यांची नावे नसतात. ज्याचे नावच नाही, त्याचा आजार कोणत्या वहीत लिहिणार?

२०२२ च्या जुलैत मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी येथे कॉलऱ्याने माणसे दगावली. नळयोजनेची वीज तुटल्याने लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले होते. तेथे रोगाचे खरे नाव उच्चारले गेले, म्हणूनच थकलेल्या वीजबिलाचा प्रश्न मंत्रालयापर्यंत गेला.

रोगांवर पाळत ठेवण्याची योजना देशात २००४ पासून आहे. आरोग्यसेविकेने संशयित, डॉक्टराने संभाव्य आणि प्रयोगशाळेने निश्चित रुग्ण कळवावा, अशी तिची रचना आहे. साखळी चांगली आहे. पण खासगी दवाखाना, उसाचा फड आणि प्रयोगशाळेची वाट या तिच्या कच्च्या कड्या आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? एका वस्तीत दोन-चार जणांना एकदम जुलाब सुरू झाले, की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे आणि नमुना घेतला की नाही ते विचारावे. विहिरीच्या शुद्धीकरणाची नोंदवही ग्रामसभेत मागावी. कोप्यांची गणना कारखान्याकडून व आरोग्य खात्याकडून करून घ्यावी. बातमी कळविणाऱ्या आशाताईच्या पाठीशी उभे राहावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंना वाचविले. उपचार इतका स्वस्त असताना होणारा मृत्यू दैवाचा नव्हे, दुर्लक्षाचा असतो.

मोजदाद हे कारकुनी काम नाही. ज्यांचे मरण मोजले जात नाही, त्यांच्यासाठी नळही घातला जात नाही. रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे, ही शुद्ध पाण्याच्या लढ्याची पहिली पायरी आहे.