फणी, भेंडाची गोळी आणि आभाळातली वीज



थंडीच्या दिवसांत अंगावरची घोंगडी झटकन ओढली, की चटचट असा आवाज होतो. खोलीत अंधार असला तर बारीक निळसर ठिणग्याही दिसतात. हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. "लोकरीत वीज असते," असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण वीज काही एकट्या लोकरीत राहत नाही. ती तुमच्या-माझ्या अंगात आहे, बांधावरच्या दगडात आहे, पाण्याच्या घागरीत आहे. मग एरवी ती दिसत का नाही, आणि घोंगडी झटकताच कशी प्रकट होते?

गोष्ट फार जुनी आहे. अंबर नावाचा पिवळसर पदार्थ लोकरीवर घासला, की तो गवताच्या काड्या ओढून घेतो, हे ग्रीक लोकांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आपल्याकडे याच अंबराला तृणमणी म्हणतात. नावातच सगळं आलं! ग्रीक भाषेत त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. इंग्लंडातल्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की हा गुण अंबराचाच नव्हे, काच आणि गंधक यांचाही आहे. पुढे १७३३ साली फ्रान्समधल्या द्यु फे याने विजेचे दोन प्रकार ओळखले. सारखे प्रकार एकमेकांना लोटतात, वेगळे प्रकार एकमेकांना ओढतात. अमेरिकेच्या फ्रँकलिनने त्यांना धन आणि ऋण ही नावं दिली. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने ऋण विजेचा कण शोधला, आणि त्या कणाला अंबराचंच जुनं नाव मिळालं : इलेक्ट्रॉन.

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला. अणूच्या गाभ्यात धन वीज, भोवती ऋण इलेक्ट्रॉन. दोन्हींचं माप सारखं, म्हणून जमा-खर्च शून्य, आणि वस्तू उदासीन. आता दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले, की एकाचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. प्लास्टिकची फणी कोरड्या केसांतून फिरवा. केसांचे इलेक्ट्रॉन फणीवर जातात. फणी ऋण होते, केस धन होतात. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली म्हणून गावातली साखर काही वाढत नाही, तसंच हे. घासण्यानं वीज निर्माण होते असं काही पुस्तकांत लिहिलेलं असतं. गुरुजींनी ते वाक्य मुलांना तसंच सांगू नये. वीज निर्माण होत नाही, तिची वाटणी बिघडते. घासण्याचं काम एवढंच, की दोन पृष्ठभाग अनेक ठिकाणी टेकतात आणि सुटतात.

आता एक प्रयोग. ज्वारीच्या वाळल्या ताटातला भेंड घ्या. पोरं ज्याच्या बैलगाड्या करतात तोच. त्याची वाटाण्याएवढी गोळी करा, तिच्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळा आणि रेशमी दोऱ्यानं ती टांगा. केसांवर घासलेली फणी जवळ न्या. गोळी धावत येऊन फणीला चिकटेल, आणि टेकताच बहुधा झटकन दूर उडेल! मुलांना विचारा, आधी ओढलं कशानं आणि मग लोटलं कशानं?

गोळी तर उदासीन होती, मग ती ओढली का गेली? फणीवरच्या ऋण विजेनं गोळीतले इलेक्ट्रॉन पलीकडच्या बाजूला सारले. अलीकडची बाजू धन झाली. जवळच्या धन बाजूचं ओढणं दूरच्या ऋण बाजूच्या लोटण्यापेक्षा जास्त पडतं, म्हणून गोळी आली. याला प्रेरण म्हणतात. टेकल्यावर फणीचे थोडे इलेक्ट्रॉन गोळीवर गेले, दोघी ऋण झाल्या, आणि सारख्याला सारखं लोटू लागलं. कागदाचे कपटे फणीकडे उडतात तेही जवळजवळ याच कारणानं. फक्त कागदातले इलेक्ट्रॉन दूर जात नाहीत, आपापल्या अणूतच किंचित सरकतात.

प्रयोग फसला तर फणीला दोष देऊ नका, हवेला द्या. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून वीज निसटून जाते. कोकणात आषाढात हा प्रयोग करू नये. पौष-माघातल्या कोरड्या दुपारी करावा. फणी आणि दोरा आधी उन्हात ठेवावेत.

कोरड्या हवेत एक मिलिमीटर ठिणगी उडायला सुमारे तीन-चार हजार व्होल्ट दाब लागतो. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट, आणि ती माणसाचा जीव घेते. मग घोंगडीची ठिणगी का मारत नाही? कारण दाब मोठा असला तरी साठा अगदी थोडा, क्षणात संपतो. पण तेवढ्याशा ठिणगीनं पेट्रोलची वाफ मात्र पेटू शकते. म्हणून फवारणी पंपासाठी पेट्रोल आणताना डबा मोटारसायकलवर किंवा टेम्पोत ठेवून भरून घेऊ नका. नळीतून वाहणारं पेट्रोल स्वतःच विद्युतभारित होतं. मंजूर असलेला धातूचा डबा जमिनीवर ठेवा, आणि नळीचं तोंड डब्याला टेकलेलं असू द्या, म्हणजे वीज जमिनीत उतरते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत तर पेट्रोल मुळीच घेऊ नये.

आभाळातली वीजही याच जातीची. ढगात बर्फाचे हलके कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके कण बहुधा धन होऊन वर जातात, जड गारा ऋण होऊन खाली राहतात. ढगाच्या ऋण बुडाखाली जमिनीवर प्रेरणानं धन वीज गोळा होते, आपल्या भेंडाच्या गोळीवर झाली तशीच. उंच झाड, मोकळ्या रानात उभा माणूस, या तिच्या जवळच्या वाटा. पायाळू माणसावर वीज पडते, असा आपल्याकडे समज आहे. जन्मताना पाय आधी आले की डोकं, हे विजेला कुठून कळणार? पायाळू असो वा नसो, झाडाखाली उभं राहणारा धोक्यात आहे. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. गुरांचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, त्या दोन जागांतल्या दाबाच्या फरकानं गुरं मरतात.

वीज चमकली की आकडे मोजा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर अवजार टाकून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जवळ घर नसेलच, तर झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. यानं धोका टळतो असं नाही, कमी होतो. जमिनीवर आडवे मात्र पडू नका.