फोटोखाली नाव लिहा



गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मी फोटो काढतो. लाल गालिच्यावरच्या नटनट्यांचे फोटो काढायला तिथं पुष्कळ जण असतात. मी त्या गालिच्याच्या मागं काम करणाऱ्यांचे काढतो. तुमच्या प्राचार्यांनी 'आमच्या मुलांना तुमच्या कामाबद्दल सांगा' असा आग्रह केला, म्हणून आज त्याच माणसांविषयी बोलतो.

हा महोत्सव पहिल्यांदा 1952 साली मुंबईत भरला. इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' तिथं दाखवला गेला. तो बिमल रॉय यांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. जमीन वाचवण्यासाठी शहरात जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. ऊसतोडीला आणि सुरतेला मजुरीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चित्रपट महोत्सव म्हणजे नुसता झगमगाट नव्हे, तिथं एका देशातलं दुःख दुसऱ्या देशातल्या माणसाला कळतं, एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून हे सांगितलं.

2004 पासून महोत्सव गोव्यात असतो. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीशेजारी आयनॉक्स चित्रपटगृहाचे पडदे आहेत. उद्घाटनाच्या आदल्या रात्री तिथं गेलात, तर सुतार फळ्या ठोकत असतात, वायरमन जमिनीवर पालथे पडून जोडण्या तपासत असतात, कुणी खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत असतं. परदेशी दिग्दर्शकाच्या शेजारी बसून त्याचं बोलणं इंग्रजीत आणणारी दुभाषी मुलगी आपली वही पुन्हा पुन्हा चाळत असते. सकाळी दारं उघडायच्या आत फरशी पुसून झालेली असते. ती पुसणारी बाई उद्घाटनाच्या एकाही छायाचित्रात सापडणार नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती प्रोजेक्टरची खोली. पूर्वी चित्रपट पत्र्याच्या डब्यांतून यायचा. हजार फुटांचं रीळ पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटं चाले, कारण सेकंदाला चोवीस चित्रं पुढं सरकत. आता तो हार्ड डिस्कवर येतो आणि बरोबर एक डिजिटल किल्ली येते. ती ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या वेळेतच चालते. किल्ली वेळेवर पोचली नाही, तर सातासमुद्रापलीकडून आलेला चित्रपट डिस्कमध्येच अडकून पडतो आणि खाली शेकडो प्रेक्षक बसलेले असतात. त्या वेळी ऑपरेटरच्या चेहऱ्यावर जो ताण असतो, तो मी टिपतो.

हे फोटो अंधारात काढावे लागतात. फ्लॅश वापरायचा नाही. पन्नास मिलिमीटरची, एक पूर्णांक आठ दशांश छिद्राची साधी लेन्स, आयएसओ तीन हजार दोनशेच्या आसपास, शटरचा आवाज बंद आणि अंगात काळे कपडे. फोटोत दाणे येतात, येऊ द्यावेत. पण तंत्र आठवड्याभरात शिकता येतं. माणसाची परवानगी घेणं आणि त्याचं नाव विचारणं, याला मी जास्त महत्त्व देतो. माझ्या प्रत्येक फोटोमागं नाव, गाव, काम आणि तारीख लिहिलेली असते. शक्य असेल तिथं फोटोची प्रत त्या माणसाच्या हातात देतो.

पडद्यामागच्या कामाचं मोल आपल्या मराठी माणसानं फार पूर्वी ओळखलं होतं. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते, गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवल्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा चित्रपट काढला आणि पडद्यामागचं काम पडद्यावर आणलं. त्यांच्या घरात सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला छिद्रं पाडत, रसायनं कालवत, फिल्म धुवत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. भारतीय चित्रपटाच्या जन्मातला हा केवढा वाटा! लोकांनी तो सांगितला, लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही, अशा किती जणी असतील.

आता आपल्या घरची गोष्ट. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला दूरदूरचे फोटोग्राफर येतात. बुध्या, बावा बनलेली माणसं नाचू लागली की कॅमेरे तुटून पडतात. अंगावरची राखेची नक्षी, डोक्यावरचा टोप, कमरेचे घुंगरू मासिकांत छापून येतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'आदिवासी नर्तक'. मला याचा मनापासून त्रास होतो. त्या माणसाला नाव आहे, पाडा आहे. त्यानं व्रत धरलेलं असतं, त्या दिवसांत तो खाटेवर बसत नाही. टोप कुणी बांधला, नक्षी कुणी काढली, ढोल कुणी तापवला, होळीचा बांबू कुणी आणला? बाहेरून आलेल्या माणसाला हे विचारता येत नाही, कारण त्याला भाषा येत नाही. तुम्हाला येते. पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी बोलणारी मुलंमुली या मांडवात बसली आहेत आणि बहुतेकांच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. कुठला विधी टिपायचा नाही, कुठं फोन खाली ठेवायचा, हेही तुम्हालाच तुमच्या आजीआजोबांकडून कळेल.

सुरुवात आजच करा. इथला सांस्कृतिक कार्यक्रम चालू असताना दोघांनी पडद्यामागं थांबा. रंगभूषा करणारी मैत्रीण, गाणी लावणारा मुलगा, मांडव घालणारे कामगार, जेवणाच्या पंगतीची तयारी करणाऱ्या मावशी, या सगळ्यांना विचारून त्यांचे फोटो काढा आणि त्यांची नावं वहीत उतरवून घ्या. ग्रंथालयाच्या भिंतीवर ते फोटो नावांसह लागले, तर छपाईचा खर्च मी देईन. प्राचार्यांशी तसं बोलून ठेवलं आहे.

होळीच्या आधी मी काठीला जाणार आहे. गावकऱ्यांना विचारून तयारीचे दिवस टिपायचे आहेत. ज्यांना बरोबर यायचं असेल, त्यांनी आपली नावं सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे द्यावीत. मुलींनी तर आवर्जून द्यावीत. नक्षी आणि दागिन्यांबद्दल बायका त्यांच्याशी जास्त मोकळेपणानं बोलतील.